‘ऑप्शनला’ टाकलेला धडा आणि आइन्स्टाइन

परीक्षेच्या आदल्या रात्री लिनिअर अल्जिब्राच्या नोट्स उघडल्या की सगळ्यात आधी काय गळतं? क्वाड्रॅटिक फॉर्म्स. सिग्नेचर, सिल्व्हेस्टरचा नियम वगैरे. पाच मार्कांचा प्रश्न आणि त्यासाठी दोन पानांची थिअरी. टाक ऑप्शनला! मॅथ्स घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी हे केलेलं असतं. तुम्हीही केलं असेल तर जरा थांबा, कारण आइन्स्टाइनची सापेक्षता त्याच दोन पानांत बसलेली आहे.

सापेक्षता म्हटलं की आपल्याला काय आठवतं? विस्कटलेले केस, जीभ बाहेर काढलेला तो फोटो, फार तर ‘इंटरस्टेलर’. आणि सोबत मनातल्या मनात केलेली एक वाटणी : हा प्रांत फिजिक्सवाल्यांचा, आपण एप्सिलॉन-डेल्टावाले. ही वाटणी कुणी केली माहीत नाही, पण तिच्यामुळे नुकसान आपलंच होतं. लागणारं गणित आपण शिकतो, त्याची परीक्षा देतो, मार्क घेतो आणि ते गणित कशाबद्दल आहे हे न कळताच डिग्री घेऊन बाहेर पडतो. फिजिक्सवाले मित्र नेमके त्या गणितापाशी अडतात आणि आपण त्यांच्या शेजारी बसून चहा पीत असतो.

अधिकच्या जागी वजा

कागदावर एक बिंदू घ्या. त्याचे कोऑर्डिनेट्स क्ष आणि य. मूळ बिंदूपासून त्याच्या अंतराचा वर्ग किती? क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग. पायथागोरस, शाळेतला. आता कागद तसाच ठेवून अक्ष थोडे फिरवा. क्ष बदलेल, यसुद्धा बदलेल, पण ही बेरीज बदलणार नाही. ऑर्थोगोनल मॅट्रिक्सची जी व्याख्या आपण घोकतो, तिचा अर्थ एवढाच आहे.

कागदावरून आता लोकलमध्ये येऊ. तुम्ही दादरला फोन काढून वेळ बघितली आणि ठाण्याला पुन्हा बघितली. या दोन घटना एकमेकींपासून किती लांब घडल्या? तुमचं उत्तर शून्य, कारण दोन्ही वेळा तुम्ही त्याच सीटवर होता (मिळाली असेल तर!). रुळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाचं उत्तर पंचवीसेक किलोमीटर. दोघंही बरोबर. अंतराबद्दल असं एकमत होत नसतं, हे गॅलिलिओपासून माहीत होतं. वेळेबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत असणारच, हे न्यूटनने गृहीत धरलं होतं. १९०५ मध्ये २६ वर्षांच्या आइन्स्टाइनने दाखवून दिलं की तेही होत नाही.

मग एकमत होतं तरी कशावर? याचं गणिती उत्तर १९०८ मध्ये हर्मन मिंकोव्हस्कीने दिलं : वेळेचा वर्ग वजा अंतराचा वर्ग. वेळ वर्षांत मोजा आणि अंतर प्रकाशवर्षांत, म्हणजे प्रकाशाचा वेग १ होतो आणि सूत्रात मधेमधे लुडबुडत नाही. लोकलमधला तुम्ही, फलाटावरचा तो आणि समोरून येणाऱ्या फास्टमधला तिसरा, तिघांच्या वेळा वेगळ्या, अंतरं वेगळी, पण ही वजाबाकी तिघांची सारखीच येते.

बस, विशिष्ट सापेक्षता एवढीच. पायथागोरसमधल्या अधिकच्या जागी वजा. बाकी सगळं त्या चिन्हातून निघतं, आणि ते काढायला मॅथ्सवाल्यांइतकं तयार कुणीच नसतं. वर्तुळाच्या जागी हायपरबोला येतो. साइन आणि कॉसच्या जागी हायपरबोलिक साइन आणि हायपरबोलिक कॉस येतात. इंजिनीअरिंगला गेलेल्या मित्राला एम-वनमध्ये ही मंडळी भेटतात आणि ती कशासाठी आहेत हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. त्याला सांगा : लॉरेंझ ट्रान्सफॉर्मेशन नावाचं जे भीतीदायक प्रकरण असतं, ते म्हणजे हायपरबोलिक फंक्शन्स वापरून केलेलं रोटेशन. वेग म्हणजे त्या फिरण्याच्या ‘कोना’चा हायपरबोलिक टॅन.

यातून एक गंमत आपोआप मिळते. रोटेशन्स एकापुढे एक केली की कोनांची बेरीज होते, टॅनची होत नाही. म्हणजे वेगांचीही साधी बेरीज होणार नाही. प्रकाशाच्या पाऊण वेगाने जाणाऱ्या यानातून पुढे आणखी पाऊण वेगाने दुसरं यान सोडलं, तर आपल्याला त्याचा वेग दीड दिसायला हवा ना? हायपरबोलिक टॅनच्या बेरजेचं सूत्र लावा. अंशात दीड, छेदात एक अधिक नऊ सोळांश. उत्तर ०.९६. हायपरबोलिक टॅन कधीच १ च्या वर जात नाही, हे तुम्ही ग्राफ काढताना पाहिलेलं आहे. ‘प्रकाशाहून वेगाने जाता येत नाही’ हे वाक्य त्या ग्राफच्या वरच्या आडव्या रेषेत लिहिलेलं आहे.

आता जुळ्या बहिणींची प्रसिद्ध गोष्ट. एक पुण्यातच राहते. दुसरी चार प्रकाशवर्षं लांबच्या ताऱ्याकडे प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने निघते, पोहोचताच वळते आणि तशीच परत येते. पुण्याच्या कॅलेंडरवर जायला ५ वर्षं, यायला ५, एकूण १०. प्रवास करणारीच्या घड्याळात किती? ५ चा वर्ग वजा ४ चा वर्ग, म्हणजे ९. वर्गमूळ ३. जाताना ३, येताना ३. घरी परतल्यावर ती ६ वर्षांनी मोठी झालेली, बहीण १० वर्षांनी. शाळेतलाच ३-४-५ चा त्रिकोण, फक्त वजा चिन्हाच्या दुनियेतला.

इथे हटकून एक शंका येते. प्रवासिनीच्या दृष्टीने पुणंच लांब गेलं आणि परत आलं, मग तीच का तरुण राहिली? वर्षानुवर्षं यावर वाद रंगतात. पण भूमितीच्या माणसाला वाद घालायची गरज नाही. आकृती काढा. पुण्याच्या बहिणीचा मार्ग सरळ रेषा आहे, दुसरीच्या मार्गाला मधे एक कोपरा आहे. त्रिकोणाच्या दोन बाजू आणि तिसरी बाजू यांची अदलाबदल करता येत नाही. फरक इतकाच की आपल्या ओळखीच्या त्रिकोणात दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असते, इथे ती कमी आहे. ट्रँगल इनइक्वॅलिटी उलटी झालीय. वळसा घेतला की वेळ वाचतो!

जे गणिताला ठरवता येत नाही

आता मॅथ्सवाल्यांनी थोडं सावध व्हायला हवं. ‘चिन्ह बदललं की झालं’ असं म्हटल्यावर वाटायला लागतं की सगळं कागदावरच ठरलं. तसं नाही.

१९१० मध्ये व्लादिमिर इग्नाटोव्हस्कीने एक सुंदर प्रश्न विचारला होता. प्रकाशाचं नावच काढायचं नाही, असं ठरवलं तर? फक्त एवढंच धरू : एकसारख्या वेगाने जाणाऱ्या सगळ्यांसाठी निसर्गाचे नियम तेच आहेत, कुठलीही जागा, क्षण किंवा दिशा खास नाही, आणि एका निरीक्षकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाणं म्हणजे थेट पहिल्याकडून तिसऱ्याकडे जाणंच. शेवटची अट ओळखीची वाटली ना? ग्रुपची क्लोजर प्रॉपर्टी. एवढ्या अटी घालून मॅट्रिक्स शोधायला बसलात तर सगळं ठरतं, फक्त एक स्थिरांक ठरायचा राहतो. तो शून्य असेल तर गॅलिलिओ आणि न्यूटनचं जग मिळतं, जिथे वेळ सगळ्यांची एक. धन असेल तर आइन्स्टाइनचं, जिथे वेगाला कमाल मर्यादा आहे. ऋण असेल तर वेळ आणि अंतर यांत फरकच उरत नाही, सगळं साधं रोटेशन होऊन बसतं. काल आणि उद्या यांची अदलाबदल होईल असं जग, म्हणून ते बाद. उरले दोन पर्याय. त्यातला आपला कुठला, हे जगातला कुठलाही थिअरम सांगू शकत नाही. त्यासाठी मोजमापच करावं लागतं.

आणि मोजमाप आकाशातून चालत येतं. वातावरणात साधारण १५ किलोमीटर उंचीवर कॉस्मिक किरणांमुळे म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने धावले तरी तेवढ्या वेळात ६६० मीटर कापतील. म्हणजे जमिनीपर्यंत जवळजवळ कुणीच पोहोचायला नको. प्रत्यक्षात हा लेख वाचत असताना तुमच्या तळहातातून दर सेकंदाला एखाददुसरा म्युऑन आरपार जातोय. त्याच्या घड्याळाने तो वेळेत आला, आपल्या घड्याळाने फार उशिरा. तो स्थिरांक शून्य नाही, हे तुमच्या हातावर सही करून सांगणारा पाहुणा.

गुण रस्त्याचा, गाडीचा नाही

व्यापक सापेक्षता त्याहून बदनाम. ‘जगात तीनच माणसांना कळते’ वगैरे दंतकथा तुम्ही ऐकल्या असतील. तिचं मूळ मात्र अगदी साध्या गोष्टीत आहे.

हवा बाजूला ठेवली तर दगड आणि पीस सारख्याच वेगाने पडतात. हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्यातलं आश्चर्य संपून गेलंय. पण विचार करा. विजेचं बल वेगवेगळ्या कणांना वेगवेगळं ढकलतं. चुंबक लोखंडाला ओढतो, लाकडाला विचारत नाही. गुरुत्वाकर्षण मात्र कुणातच भेद करत नाही. एका घाटातून ट्रक, स्कूटर आणि सायकल तंतोतंत एकाच रेषेत वळत असतील, तर तुम्ही कशाचा अभ्यास कराल? वाहनांचा की रस्त्याचा? पडणाऱ्या वस्तूचा मार्ग वस्तूवर अवलंबून नसेल, तर तो मार्ग अवकाश-काळाचाच गुण असला पाहिजे. बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइनच्या डोक्यात १९०७ मध्ये हा धागा सापडला. पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही, हा त्याचा सुरुवातीचा विचार. त्याचं सूत्रांत रूपांतर करायला पुढची आठ वर्षं गेली, आणि त्यातली बरीचशी गणितात.

मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाचा मार्ग सीटसमोरच्या स्क्रीनवर कसा दिसतो? उत्तरेकडे भलताच फुगलेला. पायलटला वाट चुकवायची हौस नसते. गोलावर तोच जवळचा मार्ग, फक्त सपाट नकाशावर वाकडा दिसतो. अशा मार्गाला जिओडेसिक म्हणतात. सपाट कागदावर अंतर काढायचं सूत्र सगळीकडे एकच असतं. गोलावर मात्र एक अंश पूर्वेला सरकलं की किती किलोमीटर होतील, हे तुम्ही विषुववृत्तावर आहात की ध्रुवाजवळ, यावर ठरतं. म्हणजे अंतराच्या सूत्रातले सहगुणक जागेनुसार बदलतात. क्वाड्रॅटिक फॉर्म तोच, पण प्रत्येक बिंदूवर वेगळा. याला मेट्रिक म्हणतात.

आता मिंकोव्हस्कीच्या वजा चिन्हवाल्या सूत्राला हीच मुभा द्या. सहगुणक जागेनुसार आणि वेळेनुसार बदलू देत. चार बाय चारचा सिमेट्रिक मॅट्रिक्स, म्हणजे दहा फंक्शन्स. ही दहा फंक्शन्स म्हणजेच गुरुत्वाकर्षण. प्रत्येक बिंदूवर बेसिस बदलून हा मॅट्रिक्स पुन्हा साध्या, सपाट रूपात आणता येतो : वेळेचं एक चिन्ह वेगळं, उरलेली तीन त्याच्या उलट. चिन्हांची ही संख्या बेसिस बदलून बदलत नाही, हा सिल्व्हेस्टरचा नियम. ऑप्शनला टाकला होतात तोच! पडणाऱ्या लिफ्टमध्ये गुरुत्वाकर्षण गायब का होतं, याची गणिती सुरुवात तिथे आहे.

यूट्यूबवर एक व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो. ताणलेली चादर, मधे जड गोळा, भोवती फिरणाऱ्या गोट्या. दिसायला झकास, पण माझ्या मते त्याने जितकं शिकवलं त्याहून जास्त गोंधळ घातलाय. एक तर गुरुत्वाकर्षण समजावण्यासाठी खालच्या पृथ्वीचंच गुरुत्वाकर्षण वापरलं जातं. दुसरं म्हणजे त्यात फक्त जागा वाकते, वेळ वाकतच नाही. आणि आपल्या रोजच्या अनुभवातलं गुरुत्वाकर्षण जवळजवळ सगळं वेळेच्या वाकण्यातून येतं.

ते असं. जमिनीजवळचं घड्याळ उंचावरच्या घड्याळापेक्षा किंचित हळू चालतं. ही काही कल्पना नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन अतिअचूक घड्याळांपैकी एक फक्त ३३ सेंटिमीटर वर उचलून हा फरक मोजला. आता मित्राने तुमच्याकडे चेंडू फेकला. जुळ्या बहिणींच्या गोष्टीत आपण पाहिलं की सरळ मार्गावर स्वतःच्या घड्याळात जास्तीत जास्त वेळ जातो. चेंडूलाही तेच साधायचंय : दोन सेकंदांत तुमच्यापर्यंत पोहोचायचं, पण स्वतःचं घड्याळ शक्य तितकं पुढे न्यायचं. त्यासाठी वर जाणं फायद्याचं, तिथे घड्याळ जलद चालतं. पण फार वर गेला तर वेग वाढवावा लागेल, आणि वेगाने घड्याळ मंदावतं. या ओढाताणीत सर्वोत्तम तडजोड कुठली? गणित केलंत तर पॅराबोला येतो. अकरावीत प्रोजेक्टाइल म्हणून केला होता तोच. चेंडूला कुणी ओढत नाहीय. वाकलेल्या अवकाश-काळात तो बिचारा सरळच चाललाय.

हीच ओढाताण जीपीएसच्या उपग्रहांत रोज चालते. उंचीमुळे त्यांची घड्याळं दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात. निव्वळ ३८ पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरच्या वर जातो, म्हणून ही दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते. एका आकड्यात दोन्ही सापेक्षता.

मॅथ्सवाल्यांची घुसखोरी

इतिहासात डोकावलं तर हा प्रांत पहिल्यापासून मॅथ्सवाल्यांनी भरलेला दिसतो. मिंकोव्हस्की हा झुरिकमध्ये आइन्स्टाइनचा गणिताचा प्राध्यापक होता आणि विद्यार्थी म्हणून आइन्स्टाइनबद्दल त्याचं मत फारसं बरं नव्हतं. लेक्चर्सना दांड्या मारणारा हा मुलगा परीक्षेच्या वेळी मार्सेल ग्रॉसमन नावाच्या वर्गमित्राच्या सुबक नोट्सवर तगला. (नोट्स पुरवणारा असा मित्र प्रत्येक वर्गात असतो, त्याला जपा.) मिंकोव्हस्कीने सापेक्षतेला भूमितीचं रूप दिलं तेव्हा आइन्स्टाइनला ते उगाचच विद्वत्तेचं प्रदर्शन वाटलं होतं. चारच वर्षांत, १९१२ मध्ये, वाकड्या अवकाश-काळाचं गणित कुठून आणायचं हे कळेना, तेव्हा तो पुन्हा ग्रॉसमनच्याच दारात गेला. ग्रॉसमन तोवर भूमितीचा प्राध्यापक झाला होता. त्याने रिमान, रिची आणि लेव्ही-चिव्हिता यांचं काम समोर ठेवलं. रिमानचं ते व्याख्यान १८५४ चं! साठ वर्षं आधी, गुरुत्वाकर्षणाशी संबंध नसताना तयार होऊन पडलेलं गणित. २५ नोव्हेंबर १९१५ ला आइन्स्टाइनने अंतिम समीकरणं मांडली.

पण त्यात एक पेच निघाला. या सिद्धांतात ऊर्जेची अक्षय्यता कुठे गेली? हिल्बर्टलाही ते सुटेना. गॉटिंगेनला त्याने आणि क्लाइनने एमी नोएदरला बोलावलं होतं. बाई म्हणून तिला विद्यापीठ अध्यापकाचं पद द्यायला तयार नव्हतं. तिची लेक्चर्स हिल्बर्टच्या नावावर लागत. तिने १९१८ मध्ये हा पेच सोडवताना जो थिअरम सिद्ध केला, तो आज भौतिकशास्त्राचा कणा आहे. रिंग थिअरीत ‘नोएदरियन रिंग’ शिकलात ना? ती हीच.

आपल्याकडची गोष्टही तशीच आहे. आइन्स्टाइन आणि मिंकोव्हस्कीचे मूळ जर्मन पेपर इंग्रजीत आणणारं पुस्तक १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने काढलं. भाषांतर करणारे होते मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस, वय पंचविशीच्या आसपास, दोघांची एम.एस्सी. मिक्स्ड मॅथेमॅटिक्समधली. आपल्या कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवायचे आणि सापेक्षतेवर संशोधन करायचे. १९४२ मध्ये गुजरातचे गणित शिक्षक प्र. चु. वैद्य त्यांच्याकडे शिकायला गेले. प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीचा अवकाश-काळ कसा असेल, याचं उत्तर त्यांनी १९४३ मध्ये शोधलं. ‘वैद्य मेट्रिक’ हे नाव आजही जगभरच्या पेपरांत येतं. विष्णु नारळीकरांचे चिरंजीव जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही गणितासाठीच, आणि १९५९ मध्ये तिथल्या ट्रायपॉसमध्ये पहिले येऊन सीनिअर रँग्लर झाले. २०२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, त्या रॉजर पेनरोजची पीएच.डी. गणितातली. त्यांच्या कृष्णविवरांवरच्या सिद्धतेत कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरींचं १९५५ चं समीकरण पायाला आहे.

आणि आत्ताचं काम? ते कळायला एक आकडेमोड करू. वक्रतेचे स्वतंत्र घटक मोजायचं सूत्र आहे : मितींचा वर्ग, गुणिले त्या वर्गातून एक वजा, भागिले बारा. दोन मितींत १, तीन मितींत ६, चार मितींत २०. आइन्स्टाइनचं समीकरण चार मितींत त्यातले १० ठरवतं. रिकाम्या जागेत हे १० शून्य, पण उरलेले १० मोकळे राहतात. तीन मितींच्या जगात मात्र सहाच्या सहा ठरून जातात आणि रिकामी जागा सपाट होते. सूर्याला पृथ्वीपर्यंत पोहोचायला वाटच राहत नाही. आपल्या जगात त्या मोकळ्या दहांमुळे वक्रता पोकळीतून प्रवास करू शकते. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोने पकडली ती हीच : सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली, त्याची लहर. चार किलोमीटरच्या भुजेत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका. अशा लहरी गोंगाटातून निवडून काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुकामध्ये कित्येक वर्षं काम झालं होतं. आता तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या मराठवाड्यातल्या बसमधून उद्या डेटा अॅनालिस्टही उतरतील.

सुरुवात कुठून?

खरं सांगायचं तर नोकरीच्या जाहिरातीत ‘टेन्सर येणे आवश्यक’ असं लिहिलेलं नसतं. या विषयात पूर्णवेळ संशोधनाच्या जागा मोजक्याच आहेत, त्या स्वप्नावर घरच्यांशी भांडण काढू नका. पण शिकायला कुणाची परवानगी लागत नाही. एस.वाय.पर्यंतचं लिनिअर अल्जिब्रा आणि मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस विशिष्ट सापेक्षतेला पुरून उरतं. टी.वाय.ला डिफरन्शियल जिऑमेट्री इलेक्टिव्ह असेल तर सोडू नका. पृष्ठभागांवरची गाऊसची वक्रता नीट कळली की निम्मा डोंगर चढलात. मॅथ्सवाल्यांची ठरलेली खोड म्हणजे आधी टोपॉलॉजी संपवू, मग मॅनिफोल्ड, मग बघू. असं ‘मग’ कधी येत नाही. गोल आणि दंडगोल घेऊन हाताने गणितं करा, व्याख्या मागून येतील. जयंत नारळीकरांचं ‘अॅन इंट्रोडक्शन टू रिलेटिव्हिटी’ लायब्ररीत मिळतंय का पाहा. आणि फिजिक्सच्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घ्या. त्यांना इंडेक्स वर-खाली करता येतात पण ते का चालतं हे कळत नसतं. आपल्याला का ते कळतं, पण घड्याळ कुठे ठेवायचं ते सुचत नाही. जोडी जमते.

तोवर एक गणित, पाच मिनिटांचं. चार संख्या घ्या : अ, ब, प, फ. कोशी-श्वार्झ सिद्ध करताना आपण (अवर्ग अधिक बवर्ग) गुणिले (पवर्ग अधिक फवर्ग) यातून (अप अधिक बफ) याचा वर्ग वजा करतो आणि उरतो (अफ वजा बप) याचा वर्ग. आता कंसांतल्या प्रत्येक ‘अधिक’चं ‘वजा’ करा, फक्त उरलेल्या वर्गाला हात लावू नका. मग (अप वजा बफ) याच्या वर्गातून दोन कंसांचा गुणाकार वजा करून बघा. वजाबाकीची दिशा उलटली, पण शेवटी उरणारा वर्ग तोच येतो. पुण्यातली बहीण मोठी का झाली, ते त्या वर्गात आहे.